करंडक, सुतार आणि छंद

झाकणाची लाकडी पेटी ही इतकी घरगुती वस्तू आहे की तिलाही इतिहास असेल, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. स्तूप, लेणी, राजवाडे यांचा इतिहास लिहिला जातो. करंड्याचा अथवा पोथीच्या पेटीचा लिहिला जात नाही. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र या वस्तूकडे दुर्लक्ष करता येत नाही. मराठीतील 'करंडा' आणि पालीतील 'करण्ड', 'करण्डक' हे एकाच कुळातील शब्द आहेत. क्रिकेटच्या बातम्यांत आपण 'रणजी करंडक' वाचतो, तेथेही तोच शब्द आहे. मराठीतील 'मंजुषा' पालीत 'मञ्जूसा' होते. झाकणाच्या डबीला पालीत 'समुग्ग' म्हणतात. आणि ज्या शब्दाने बुद्धवचनाचा अवघा संग्रह ओळखला जातो तो 'पिटक' हा शब्द मुळात टोपलीचा आहे. कुदळ आणि टोपली घेऊन जमीन खणायला निघालेला माणूस सुत्तांत भेटतो, तेव्हा त्याच्या हातातील टोपली 'पिटक'च असते.

याच प्रदेशात आणखी एक शब्द आहे. फावल्या वेळात स्वतःच्या आवडीने केलेल्या कामाला आपण 'छंद' म्हणतो. पालीतील 'छन्द' म्हणजे एखादी गोष्ट करण्याची इच्छा. अभिधम्मात त्याचा अर्थ 'कत्तुकम्यता', म्हणजे कर्तव्याला हात घालण्याची उत्सुकता, असा दिला आहे, आणि चार इद्धिपादांत छन्दाला पहिले स्थान आहे. कामवासनेलाही 'छन्द' म्हटले जाते आणि कुशल कर्माच्या ओढीलाही; कोणता छन्द कुशल आणि कोणता अकुशल, हे तो कशाकडे वळतो यावर ठरते.

आज अनेक देशांत सुशिक्षित माणसे नोकरीधंदा सांभाळून, केवळ आवडीने, नक्षीदार लाकडी पेट्या हाताने घडवतात. आपल्या समाजात या छंदाकडे कसे पाहावे, असा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ज्या समाजाने लादलेली हातकामे झुगारून मुक्तीची वाट धरली, त्याने पुन्हा हातात हत्यार का घ्यावे, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी लाकडी पेटीचा बौद्ध इतिहास उलगडून पाहणे उपयुक्त ठरेल.

विनयातील अंजनाची डबी

विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खन्धक नावाचे प्रकरण आहे. त्यात डोळ्यांच्या अंजनाची हकीकत येते. भिक्खू अंजन उघड्या भांड्यात ठेवीत. त्यात गवताची कुसळे आणि धूळ पडे. तेव्हा तथागतांनी अंजनाच्या डबीला, 'अञ्जनी'ला, अनुज्ञा दिली. पुढे छब्बग्गिय भिक्खू सोन्याचांदीच्या भपकेदार डब्या वापरू लागले. हे तर प्रापंचिकांसारखे विलास भोगतात, अशी लोकांनी टीका केली. त्यावर तथागतांनी भपकेदार डब्यांना मनाई केली आणि दहा पदार्थांच्या डब्या चालतील असे सांगितले: हाड, हस्तिदंत, शिंग, बोरू, बांबू, लाकूड, लाख, फळाची करवंटी, धातू आणि शंख.

हकीकत येथे संपत नाही. डबी उघडी राहते म्हणून झाकणाला अनुज्ञा मिळाली. झाकण गळून पडते म्हणून ते दोऱ्याने डबीशी बांधण्याची अनुज्ञा मिळाली. डबी तडकली तर ती दोऱ्याने शिवून घ्यावी, असेही सांगितले गेले. पुढे अंजनाची काडी, काडीचे घर आणि डबी ठेवण्याची पिशवी यांनाही परवानगी मिळाली. वस्तू वापरताना एक अडचण येते, तिच्यावर उपाय केला जातो, मग दुसरी अडचण दिसते. कोणताही कारागीर पेटी अशीच सुधारत जातो. या प्रकरणाला आम्ही वस्तुरचनेच्या इतिहासातील एक मोलाचा दस्तऐवज मानतो.

लाकडाविषयी विनयाचा दृष्टिकोन चुल्लवग्गातही दिसतो. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र घडवून ते बांबूंच्या टोकाशी उंच टांगले आणि जो अर्हत असेल त्याने ते उडून घ्यावे, असे जाहीर केले. पिंडोल भारद्वाजाने ते घेतले. तथागतांनी त्याचे कौतुक केले नाही. एका क्षुद्र लाकडी भांड्यासाठी लोकांपुढे चमत्कार दाखवल्याबद्दल त्यांनी त्याला खडसावले, ते पात्र फोडावयास लावले आणि त्याचे तुकडे अंजनात सुगंधासाठी उगाळावयास भिक्खूंना वाटून दिले. मिरवण्यासाठी घडवलेले चंदन अखेर अंजनाच्या साध्या डबीत पोहोचले. लाकडी पात्राला त्याच प्रसंगी मनाई झाली. परंतु पुढे आसंदी, पल्लंक, लाकडी पात्र आणि लाकडी पादुका वगळता लाकडाच्या सर्व वस्तूंना सरसकट अनुज्ञा देण्यात आली. म्हणजे बौद्ध संघाचे वैर लाकडाशी अथवा कौशल्याशी नव्हते. ते दिखाऊपणाशी होते.

कारागिराचे पोट

याहून मार्मिक प्रसंग पाचित्तिय विभागातील ८६ व्या नियमामागे आहे. घटना कपिलवस्तूच्या निग्रोधारामातील. हस्तिदंताचे काम करणाऱ्या एका उपासकाने भिक्खूंना सांगितले की, ज्यांना सुईचे घर हवे असेल त्यांना मी ते देईन. भिक्खूंनी मागण्याचा सपाटा लावला. ज्याच्याकडे लहान होते तो मोठे मागू लागला, ज्याच्याकडे मोठे होते तो लहान मागू लागला. तो बिचारा सुईची घरे करीत बसला. विक्रीसाठी दुसरा माल करणे त्याला जमेना. त्याची आणि बायकामुलांची उपासमार होऊ लागली. लोकांनी संघाला दोष दिला. तेव्हा तथागतांनी हाड, हस्तिदंत आणि शिंग यांची सुईघरे करवून घेण्यास मनाई केली. असे घर फोडून टाकावे, असा नियम झाला.

दात्याच्या श्रद्धेचा फायदा घेऊन त्याच्या हातांची मजुरी बुडवणे हा दोष आहे, असे येथे स्पष्टपणे मानले गेले. सुईचे घर म्हणजे बोटभर लांबीची डबी. तेवढ्या वस्तूमागेही एका कुटुंबाचे पोट असते, याची नोंद संघाच्या नियमग्रंथाने घेतली आहे. ज्या समाजव्यवस्थेत कारागिराकडून बिनमोल काम घेणे हा वरिष्ठांचा जन्मसिद्ध हक्क समजला गेला, त्या व्यवस्थेच्या शेजारी हा नियम ठेवून पाहावा म्हणजे त्याचे वजन कळते.

हीन कोणी ठरवले?

पाचित्तियाचा दुसरा नियम अपशब्दांविषयी आहे. छब्बग्गिय भिक्खू सुशील भिक्खूंना जात, गोत्र, काम, कला यांवरून हिणवीत असत. या वृत्तीला आळा घालताना त्या काळी लोक कोणत्या जातींना आणि कलांना हीन मानीत, याची यादीच ग्रंथात दिली आहे. हीन मानल्या जाणाऱ्या जातींत चांडाल, वेन, नेसाद, रथकार आणि पुक्कुस येतात. हीन मानल्या जाणाऱ्या कलांत बोरूकाम, कुंभारकाम, विणकर, चर्मकार आणि न्हावी यांच्या कला येतात. वेन म्हणजे बांबूकाम करणारे आणि रथकार म्हणजे लाकडातून रथ व चाके घडवणारे. पेटी आणि टोपली ज्यांच्या हातून निर्माण होतात, त्यांतील कित्येक हात या यादीत आहेत.

यादीच्या शेवटी जोडलेली एक पुस्ती वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. त्या त्या जनपदात जे तुच्छ मानले जाते, अवमानिले जाते, तेही हीनच समजावे, अशा अर्थाची ती पुस्ती आहे. म्हणजे हीनपण कलेच्या अंगी नाही. ते त्या त्या प्रदेशाच्या लोकमतात आहे. एका गावी जे हीन ते दुसऱ्या गावी तसे नसू शकते. आणि संघात आलेल्या माणसाला त्या लोकमताच्या आधारे हिणवले तर दोष हिणवणाऱ्याला लागतो.

अंगुत्तरनिकायातील पचेतन राजाची कथा याच्या पुढचे पाऊल टाकते. वाराणसीजवळच्या इसिपतनात सांगितलेली ही कथा आहे. राजाने आपल्या रथकाराला सांगितले की, सहा महिन्यांनी युद्ध आहे, मला चाकांची नवी जोडी हवी. सहा महिन्यांना सहा दिवस उरले तेव्हा रथकाराचे एकच चाक पुरे झाले होते. दुसरे त्याने उरलेल्या सहा दिवसांत केले. दिसायला दोन्ही सारखीच. राजाने फरक विचारताच रथकाराने दोन्ही चाके सोडून दाखवली. सहा दिवसांचे चाक वेग संपताच डळमळून पडले. दुसरे थांबले ते जणू आसावर बसवल्यासारखे उभे राहिले. पडलेल्या चाकाच्या धावेत, आऱ्यांत आणि तुंब्यात वाकडेपणा, दोष आणि कस राहून गेला होता. कथा संपवताना तथागत म्हणतात की तो रथकार मीच होतो. तेव्हा लाकडाचा वाकडेपणा ओळखण्यात मी कुशल होतो, आता काया, वाचा आणि मन यांचा वाकडेपणा ओळखण्यात कुशल आहे.

पूर्वजन्माच्या कल्पनेचा वाद येथे उपस्थित करण्याचे कारण नाही. ज्या रथकाराला जनपदाने हीन यादीत घातले त्याच्या जागी शास्त्याला उभे करताना संगीतिकारांना संकोच वाटला नाही, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

सुतारकाम आणि चित्त

पालि सुत्तांत सुतारांच्या उपमा वारंवार येतात आणि त्या नेमक्या आहेत. संयुत्तनिकायात वाकसाच्या दांड्याची उपमा आहे. सुताराला दांड्यावर बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. आज दांडा किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. झिजला एवढे मात्र कळते. साधकाचे आस्रव असेच क्षीण होत जातात. मज्झिमनिकायात कुशल सुतार बारीक पाचर ठोकून जाड पाचर बाहेर काढतो. तसे कुशल विचाराने अकुशल विचाराला हुसकावावे. सतिपट्ठानात कातारी येतो. लांब ओढ देताना मी लांब ओढ देतो हे तो जाणतो, आखूड देताना आखूड हे जाणतो; साधकानेही श्वास तसाच जाणावा. अट्ठकथेने भर घातली आहे की, भेरीसारख्या मोठ्या वस्तू कातताना ओढ लांब असते आणि हस्तिदंताच्या बारीक वस्तू कातताना आखूड.

जातककथांतून कारागिरांची वस्ती दिसते. अलीनचित्त जातकात वाराणसीजवळच्या गावातील ५०० सुतार होडीने नदीच्या वरच्या अंगाला जातात, रानात लाकूड तोडून तेथेच घरांचे भाग तयार करतात आणि खांबांपासून प्रत्येक तुकड्यावर खूण करून ते प्रवाहाबरोबर खाली आणतात. सुटे भाग आधी घडवून मग जोडण्याची ही पद्धत आजच्या पेटी करणाऱ्यालाही परिचित आहे. फळ्यांवर पेन्सिलीने खूण केली नाही तर कोणते कुसू कोणत्या सालीत बसायचे, याचा घोळ होतो.

पेटीचे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे येथे थोडक्यात सांगणे योग्य होईल. प्रथम लाकूड निवडणे. ओले लाकूड घेतले तर वाळताना ते आखडते आणि सांधे उघडतात. वाळलेले लाकूडही पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आटते. हा फरक रेषांच्या लांबीच्या दिशेने नगण्य, आडव्या दिशेने मोठा असतो. म्हणून तळाची फळी चारी बाजूंनी घट्ट चिकटवत नाहीत. ती खाचेत सैल बसवतात. रंध्याने पृष्ठभाग सपाट करावयाचा, पटाशीने सांधे कोरावयाचे, आणि झाकण असे बसवावयाचे की ते अडकू नये व खुळखुळूही नये. नक्षी यानंतर येते. पचेतनाच्या रथकाराने सांगितलेले तीन दोष, म्हणजे वाकडेपणा, गाठी-चिरांसारखी व्यंगे आणि कस, आजही पेटीचा घात करतात. घाईने केलेली पेटी पहिल्या दिवशी सुंदर दिसते. एका पावसाळ्यानंतर तिचे खरे रूप कळते.

दगडात उतरलेले लाकूड

प्राचीन भारतातील लाकडी करंडक आपल्या हाती फारसे आले नाहीत. वाळवी, ओल आणि आग यांनी ते नेले. परंतु त्यांचा आकार दगडात उरला. धातू ठेवण्याचे मऊ दगडाचे करंडक कातून घडवले जात. त्यांच्या गोल कडा आणि झाकणाची बोंडे पाहिली की कातीव लाकडी डब्यांची आठवण होते. सांची येथे १८५१ साली कनिंगहॅम आणि मेझी यांनी उघडलेल्या स्तूपात सारिपुत्त व मोग्गल्लान यांचे धातुकरंडक सापडले. झाकणांच्या आत शाईने 'स' आणि 'म' अशी एकेक अक्षरे लिहिलेली होती. सारिपुत्तांच्या करंडकाजवळ चंदनाचे दोन तुकडे होते. ते चितेतील असावेत, असे कनिंगहॅम यांना वाटले. सांचीच्याच दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे. डब्या आणि फण्या कोरणारे हात तेथे दगडाकडे वळले.

महाराष्ट्रात कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे. सुमारे दोन हजार वर्षे ते टिकून आहे. त्याच लेण्याच्या एका लेखात धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या पुत्राने, दारमुख केल्याची नोंद आहे. लेखात त्याचा व्यवसाय 'वढकि' असा दिला आहे. पालीत तो 'वड्ढकि'. राजे आणि श्रेष्ठी यांच्या लेखांच्या पंक्तीत एका सुताराचे नाव, त्याच्या पित्याचे नाव आणि गाव कोरले गेले, ही गोष्ट आपल्या प्रदेशाच्या इतिहासात लहान नव्हे.

सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. दगडी पेटाऱ्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक तेथे निघाले. भिक्षापात्राचे मानले गेलेले मृत्पात्राचे तुकडे सोन्याच्या डबीत होते. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. ज्या टेकाडाखाली हे सापडले त्याला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाचे नाव त्या स्थळाला चिकटून राहिले होते. विनयाच्या यादीतील वेनांचे काम ते हेच.

देशोदेशींच्या पेट्या

भारतात जे कुजले ते कोरड्या आणि जतन करणाऱ्या देशांत टिकले. मध्य आशियात कुचा नगराजवळच्या सुबाशी येथे जपानच्या ओतानी मोहिमेला सहाव्या-सातव्या शतकातील एक गोल लाकडी धातुकरंडक मिळाला. तो आता टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लाकडावर कापड चिकटवून त्यावर रंगकाम केले आहे. निमुळत्या झाकणावर वाद्ये वाजवणाऱ्या पंखधारी आकृती आहेत आणि भोवताली मुखवटे घातलेल्या नर्तकांची मिरवणूक चालली आहे. धातुकरंडकावर मृत्यूचे सावट दाखवण्याऐवजी तेथील कारागिराने आपल्या नगरीचे नृत्य रंगवले.

जपानमध्ये ७६४ साली राज्यात बंड झाले. ते शमल्यावर सम्राज्ञी शोतोकू यांनी दहा लाख लहान लाकडी स्तूप घडवण्याचा संकल्प केला. ७७० साली तो पूर्ण झाला आणि स्तूप दहा विहारांना वाटले गेले. प्रत्येक स्तूप सुमारे २१ सेंटिमीटर उंच, कातून केलेला. वरचा भाग काढला की आत पोकळी. त्या पोकळीत छापील धारणीची गुंडाळी. कागदावर छापलेल्या मजकुराचे हे जगातील अतिप्राचीन नमुन्यांपैकी होत, आणि त्यांना सांभाळणारी वस्तू म्हणजे कातीव लाकडी डबी. होर्यू-जी विहारात असे ४० हजारांहून अधिक स्तूप अजून आहेत. कित्येकांच्या तळाशी शाईने घडवणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिलेली आढळते. संकल्प सम्राज्ञीचा, पण डबी उलटी केली की कातारी बोलतो.

ब्रह्मदेशात पोथ्यांच्या पेटीला 'सादाइक' म्हणतात. ताडपत्रांची चवड दोन लाकडी फळ्यांत बांधून, वस्त्रात गुंडाळून सागवानी पेटीत ठेवण्याची तेथील रीत. झाडाच्या काळ्या चिकाला 'थित्सी' म्हणतात. तो राखेत मळून केलेल्या लगद्याच्या वाती पेटीवर चिकटवून उठावाची चित्रे काढतात, वर सोन्याचा वर्ख चढवतात, मधूनमधून काचेचे तुकडे बसवतात. चित्रे बहुधा जातकांची आणि बुद्धचरित्राची असतात. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला पेटीची बाहेरची बाजू वाचता यावी, अशी ही योजना झाली. टोपलीच्या नावाने ओळखले जाणारे पिटक येथे खरोखरच पेटीत वसले. ज्या देशात १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले, त्या देशाची ही परंपरा आहे.

आपल्याकडे सावंतवाडीला आणि कर्नाटकातील चन्नपट्टणला लाखकाम चालते. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. विनयाच्या यादीतील लाकूड आणि लाख हे दोन्ही पदार्थ एकाच डबीत येतात.

लादलेले काम आणि निवडलेले काम

आता आरंभी मांडलेल्या शंकेकडे वळू. डॉ. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या प्रबंधात दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नाही. ती श्रमिकांचीच विभागणी आहे. तीत व्यक्तीची आवड आणि कुवत यांना स्थान नाही. काम जन्माने ठरते. ज्या कामाला समाज तुच्छ लेखतो ते करणाऱ्याचे मन त्या कामात राहू शकत नाही, हेही त्यांनी त्याच ठिकाणी सांगितले. बौद्ध परिभाषेत बोलावयाचे तर जातीने कामातून छन्द काढून घेतला. आमच्या मते पेटीच्या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा धडा येथे आहे.

बलुतेदारीच्या गावगाड्यात सुतारकी सुताराच्या घरी जन्मल्याशिवाय मिळत नसे आणि महारकी महाराच्या घरी जन्मल्यावर सुटत नसे. दोघांच्याही बाबतीत इच्छेला विचारले गेले नाही. म्हणून ओढलेली ढोरे टाकून देणे, वतन नाकारणे हा श्रमाचा तिरस्कार नव्हता. तो सक्तीचा धिक्कार होता. हा भेद आपल्या पुढच्या पिढीला नीट सांगितला नाही तर एक विपरीत परिणाम होतो. सक्ती गेली, पण हातकामाची लाज मागे राहते. शिकलेला तरुण हत्यार हातात धरण्यास कमीपणा समजू लागतो. तेव्हा नकळत तो त्याच यादीवर विश्वास ठेवीत असतो, जी यादी पाचित्तियाच्या ग्रंथाने जनपदाचे मत म्हणून बाजूला ठेवली. श्रम हीन आहे हे मनुस्मृतीचे मत. ते आपल्या अंगणात का वाढावे?

छंद म्हणून पेटी घडवणारा माणूस या यादीला आपल्या हातांनी उत्तर देतो. कारकून, शिक्षिका, बँकेतील कर्मचारी अथवा परिचारिका रविवारी रंधा हातात घेते, तेव्हा ती कोणाच्या हुकमाने घेत नाही, पोटासाठी घेत नाही आणि जन्माने घेत नाही. हे स्वातंत्र्य आपल्या आजोबांना नव्हते. अर्थात ज्यांचे पोट याच कामावर आहे त्या कारागिरांना विसरता कामा नये. कपिलवस्तूच्या त्या दंतकाराची कहाणी छंदिष्टांसाठीही आहे. वस्तूला लागणारे दिवस स्वतःच्या हाताने मोजल्यावर बाजारात कारागिराशी घासाघीस करताना माणूस थबकतो, आणि थबकावे.

आणखी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पेटी सुंदर झाली म्हणून तिची पूजा सुरू होऊ नये. कालामांना उपदेश करताना तथागतांनी सांगितले होते की, एखादी गोष्ट पिटकात आहे एवढ्यानेच ती मानू नका. पेटी ग्रंथाचे धूळ, ओल आणि वाळवीपासून रक्षण करते. ग्रंथाचे वाचन आणि परीक्षण आपल्यालाच करावयाचे असते. पेटी कायम बंद राहिली तर सुताराचे श्रम आणि ग्रंथकाराचे श्रम दोन्ही वाया गेले.

आपल्या बहुतेक विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आहे. तो पत्र्याच्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला असतो, नाहीतर टेबलावर धूळ खात असतो. त्याच्यासाठी सागवानाची अथवा शिसवाची साधी पेटी विहारातीलच तरुण-तरुणींनी मिळून घडवावी, असे आम्ही सुचवतो. चार फळ्या, तळ, झाकण, दोन बिजागऱ्या. जवळपासच्या अनुभवी सुताराला त्याचा मेहनताना देऊन गुरू करावे. पहिली पेटी वाकडी होईल, झाकण अडेल. दुसरी बरी होईल. नक्षी हवी असेल तर धम्मचक्र अथवा पिंपळपान कोरावे. आणि तळाशी, होर्यू-जीच्या कातऱ्यांप्रमाणे, घडवणाऱ्यांची नावे आणि तारीख शाईने लिहून ठेवावी.